शेनिन ब्लाँ: ड्राय म्हणजे किती ड्राय, आणि ताटात तिच्यासोबत काय असावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची शेनिन ब्लाँ आपण घरी नेहमी घेता आणि ती किंचित गोडसर लागते. अलीकडे एका नातेवाइकाने फ्रान्सहून साव्हेनिएर नावाची बाटली आणली. तीही शेनिनचीच असल्याचे कळले, पण ती इतकी आंबट आणि रूक्ष लागली की दोन घोटांनंतर पेले तसेच राहिले आणि बाटली फ्रिजमध्ये गेली. तेव्हा यांतली खरी शेनिन कोणती, ड्राय म्हणजे नेमके काय, आणि आपल्या जेवणाबरोबर कोणती घ्यावी, हे आपल्याला हवे आहे. दिंडोरी पट्ट्यात गेली अठरा वर्षे मी वाइन तयार करण्याचे काम करतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा शेनिनचाच आहे, म्हणून या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो.

दोन्ही बाटल्या खऱ्याच आहेत. शेनिन ही अशी जात आहे की एकाच मळ्यातल्या द्राक्षापासून कडक ड्राय, निमगोड, मधासारखी दाट गोड आणि फसफसणारी अशा चारही प्रकारच्या वाइन उत्तम होतात. इतका मोठा पल्ला असलेली दुसरी पांढरी जात मला माहीत नाही. याचे कारण तिच्या आम्लात आहे. बहुतेक जातींमध्ये साखर वाढू लागली की आम्ल झपाट्याने उतरते. शेनिनमध्ये द्राक्ष पूर्ण पिकले तरी आम्ल बऱ्यापैकी टिकून राहते. त्यामुळे साखर ठेवली तरी वाइन मिळमिळीत होत नाही, आणि साखर पूर्ण संपवली तरी तिला धार राहते. आपल्याला जो रूक्षपणा जाणवला तो या धारेचाच. तिला आधार देणारा पदार्थ समोर नव्हता, एवढेच.

या द्राक्षाचे मूळ गाव म्हणजे फ्रान्समधील लवार नदीचे खोरे, त्यातही आंजू आणि तूरेन हे दोन प्रांत. तूरेनमधील माँ-शेनिन या ठिकाणावरून जातीचे नाव पडले असावे असे मानले जाते. स्थानिक लोक तिला पिनो द ला लवार असेही म्हणत आले आहेत, पण पिनो या द्राक्षांच्या घराण्याशी तिचा थेट संबंध नाही. डीएनए तपासणीवरून तिचा एक जनक साव्हान्यँ असल्याचे सिद्ध झाले आहे. पूर्व फ्रान्समधील ज्यूरा भागातील ही जुनी, तीव्र आम्लाची जात सोव्हिन्यों ब्लाँचीही जनक आहे, म्हणजे शेनिन आणि सोव्हिन्यों ही एका अर्थाने सावत्र भावंडे झाली. दोघींच्या आम्लातला सारखेपणा चाखणाऱ्याला जाणवतो. सुगंधात मात्र काहीच साम्य नाही. सोव्हिन्यों पेला नाकाशी नेण्याआधीच बोलू लागते, तर शेनिन कोवळ्या वयात सफरचंद, नासपती आणि कॅमोमाइलच्या फुलांचा हलका वास देते आणि काही वर्षांनी मध, मेण, भिजलेली लोकर अशा गंधांकडे वळते. भिजलेली लोकर हा शब्द ऐकून अनेक जण दचकतात, पण पावसात भिजलेली घोंगडी चुलीजवळ वाळत घातली की जो उबदार वास सुटतो, तोच हा.

आपल्याला मिळालेली साव्हेनिएर हे आंजे शहराच्या नैर्ऋत्येला, लवारच्या उत्तर काठावरचे छोटेसे क्षेत्र आहे. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत, माती शिस्ट खडकाची आणि पातळ आहे. दगड दिवसा तापतो आणि वेलीच्या मुळांना पाण्यासाठी खोल जावे लागते. या क्षेत्राला १९५२ साली स्वतंत्र अपेलासियाँ, म्हणजे कायद्याने राखलेले भौगोलिक नाव, मिळाले. याच क्षेत्रात कुले द सेराँ नावाचा सुमारे सात हेक्टरांचा मळा आहे. तिथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकात वेली लावल्या आणि तेव्हापासून ती जमीन वेलींखालीच आहे असे सांगितले जाते. या मळ्याचे मालक निकोला जोली यांनी १९८० च्या दशकात बायोडायनॅमिक पद्धत, म्हणजे रसायने टाळून चंद्र-ग्रहांच्या गतीनुसार करायची शेती, स्वीकारली, आणि त्या पद्धतीविषयी आपले मत काहीही असो, साव्हेनिएरचे नाव जगभर नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. साव्हेनिएर पूर्वी बरीचशी गोड केली जात असे. आज ती जवळपास सगळीच ड्राय असते आणि कोवळ्या वयात ती बंद मुठीसारखी असते. पाच-सात वर्षांनी मूठ उघडते. आपली बाटली कोणत्या सालची होती हे आपण कळवलेले नाही, पण ती दोन-तीन वर्षांचीच असेल तर तिने आपल्याला अर्धेच सांगितले.

नदीच्या प्रवाहाविरुद्ध पूर्वेकडे गेले की तूर शहराच्या पलीकडे वूव्रे लागते. इथला दगड वेगळा, तुफो नावाचा मऊ, पांढरा चुनखडक. लवारकाठचे प्रसिद्ध किल्ले याच दगडाचे बांधलेले आहेत आणि तो काढून झालेल्या भुयारांतच आज वाइन मुरते. वूव्रेला १९३६ सालीच अपेलासियाँ मिळाली. इथे एकच उत्पादक हवामान पाहून त्या वर्षी काय करायचे ते ठरवतो: थंड साल असेल तर सेक, म्हणजे ड्राय, बरे असेल तर दमी-सेक, म्हणजे निमगोड, आणि शरद ऋतू लांबला, धुके पडले, मण्यांवर बोट्रायटिस बुरशी चांगल्या अर्थाने, म्हणजे पाणी आटवून साखर दाट करणारी, बसली, तर मोएलो, म्हणजे गोड. लेबलवर यांपैकी एक शब्द बहुधा असतो आणि विकत घेताना तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी एका हंगामात आंजूमध्ये तोडणीच्या कामाला होतो. तिथे एकाच ओळीत आम्ही तीन वेळा फिरलो, कारण एकाच घडात अर्धे मणी पिवळे आणि अर्धे हिरवे असतात. शेनिन अशी असमान पिकते. एका फेरीत सगळा घड कापून मोकळे होणाऱ्याच्या वाइनमध्ये कच्च्या मण्याचा हिरवा कडवटपणा उतरतो आणि तो पुढे टाकीत कशानेही निघत नाही.

आता ड्राय या शब्दाकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. द्राक्षरसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल मिळते. सगळी साखर संपेपर्यंत आंबवण चालू दिली तर वाइन ड्राय होते. मध्येच टाकी थंड करून आणि यीस्ट गाळून काढून ती थांबवली तर गोडी शिल्लक राहते. युरोपीय नियमाप्रमाणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर उरलेली वाइन ड्राय म्हणवते, म्हणजे पाऊण लिटरच्या अख्ख्या बाटलीत एक चमचाही साखर नसते. पण याच नियमात एक महत्त्वाची सवलत आहे: साखर ९ ग्रॅमपर्यंत चालते, मात्र ती एकूण आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त असता कामा नये. आम्ल साडेसहा ग्रॅम असलेल्या शेनिनमध्ये ८ ग्रॅम साखर असली तरी ती कायद्याने ड्राय आहे, आणि जिभेलाही ती बहुतेकांना ड्रायच लागेल. तीच ८ ग्रॅम साखर ५ ग्रॅम आम्लाच्या वाइनमध्ये असेल तर ती ड्राय ठरत नाही आणि लागतही नाही. लिंबाच्या सरबतात आपण साखर लिंबू पाहूनच घालतो. हिशेब तोच आहे. शेनिनबाबत साखरेचा आकडा एकटा पाहून काहीच समजत नाही.

यात आणखी एक फसगत होते. पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू त्यालाच गोडी समजतो. घरी पडताळून पाहायचे असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा आणि तो जिभेच्या शेंड्यावर क्षणभर ठेवावा. नाक बंद असताना गोडी जाणवली तर साखर खरोखर आहे, नाहीशी झाली तर तो नुसता सुगंध होता. लेबलवरील अल्कोहोलचा आकडाही थोडी दिशा देतो. साडेतेरा टक्क्यांच्या शेनिनमध्ये बहुधा साखर फारशी उरलेली नसते, तर साडेअकरा टक्क्यांची असेल तर गोडी राखलेली असण्याची शक्यता मोठी. हा निव्वळ अंदाज आहे. खात्री हवी असेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात रेसिड्युअल शुगर, म्हणजे उरलेली साखर, आणि एकूण आम्ल हे दोन्ही आकडे पाहावेत.

नाशिकची शेनिन गोडसर का, याचे उत्तर अर्धे बाजारात आणि अर्धे मळ्यात आहे. सुला कंपनीने २००० साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्या सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या होत्या. त्या काळात वाइन पहिल्यांदाच चाखणाऱ्या ग्राहकाला निमगोड शेनिन जवळची वाटली, आणि ती चव म्हणजेच शेनिन असे समीकरण महाराष्ट्रात रूढ झाले. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या तिखट जेवणाबरोबर ती अनेकदा ड्रायपेक्षा चांगली जाते, हे पुढे सांगतोच. परंतु त्याच जातीची ड्राय वाइनही आज महाराष्ट्रात अनेक जण करतात, अकलूजच्या बाजूलाही आणि नाशिकलाही, आणि ती विचारून घेतली पाहिजे.

मळ्यातली बाजू अशी. लवारमध्ये वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि तोडणी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिला छाटणीनेच ऋतू द्यावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा संपताना फळछाटणी करायची आणि जानेवारीच्या शेवटापासून तोडणीला लागायचे. म्हणजे फ्रान्समध्ये घड थंडीच्या दिशेने पिकतो आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या दिशेने. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याला वाचवतात. निफाडला पारा कधी कधी ५ अंशांच्या आसपास येतो, आणि अशा गार रात्रींमध्ये मण्यातले मॅलिक आम्ल जळत नाही. फेब्रुवारीचा मध्य ओलांडला की दुपार तापू लागते आणि दर दिवशी आम्ल हातातून निसटत जाते.

या दिवसांत मी सकाळी सातच्या आत मळ्यात असतो. वीस-पंचवीस वेलींवरून, घडाच्या वरच्या खांद्यावरून एक आणि खालच्या टोकाचा एक असे मणी तोडून पिशवीत चुरडतो. रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकतो. २१ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे २१ ग्रॅम साखर, दिसले तरी लगेच माणसे लावत नाही. एक मणी तोंडात टाकून आधी साल चावतो, मग बी. बी हिरवट आणि चिकट असेल तर थांबतो. तपकिरी होऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली तर त्याच रात्री तोडणी लावतो. एका वर्षी शेतकऱ्याच्या आग्रहाने, माझ्याही मनात होतेच, आम्ही दीड ब्रिक्ससाठी आणखी आठ दिवस थांबलो. साखर आली, पण आम्ल साडेसहावरून पाचच्या खाली गेले. टाकीत टार्टरिक आम्ल घालून आकडा सावरता येतो आणि उष्ण प्रदेशांत ते सर्रास केले जाते. मात्र घातलेले आम्ल सुरुवातीला टोचते आणि मग अचानक संपते, घोटाच्या शेवटापर्यंत सोबत करत नाही. त्या वर्षीची वाइन आम्ही ड्राय म्हणून बाटलीत भरली नाही. आणखी एक गोष्ट: शेनिनचा घड दाट आणि साल पातळ असते, त्यामुळे तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात आणि कूज आतून सुरू होते. अशा वेळी अर्धवट पिकलेला माल उतरवण्यावाचून इलाज नसतो. बुरशी चांगली कुठे आणि वाईट कुठे, हे हवामान ठरवते. लवारच्या धुक्यानंतर येणारे कोरडे ऊन आपल्याकडच्या अवकाळीनंतर मिळत नाही.

शेनिनचे तिसरे घर दक्षिण आफ्रिकेत आहे आणि लागवडीच्या दृष्टीने ते आज सर्वांत मोठे आहे, फ्रान्सपेक्षाही मोठे. डच वसाहतीचा प्रमुख यान फान रीबेक याने केपमध्ये १६५५ साली वेली आणल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी तिथे पहिल्यांदा द्राक्षे गाळून वाइन केल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. त्या पहिल्या वेलींमध्ये शेनिन होती असे मानले जाते. तिथले लोक तिला स्टीन म्हणत, आणि स्टीन म्हणजेच शेनिन ब्लाँ हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १९६० च्या दशकात निश्चित झाले. दीर्घकाळ ती ब्रँडी आणि स्वस्त निमगोड वाइनसाठी वापरली गेली. पुढे फॅशन बदलली आणि जुन्या बागा उपटल्या जाऊ लागल्या. तिथल्या द्राक्षबागतज्ज्ञ रोझा क्रुगर यांनी अशा जुन्या बागा शोधून, नोंदवून, तरुण वाइनमेकरांशी त्यांची गाठ घालून दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्ड व्हाइन प्रोजेक्टच्या शिक्क्यासाठी बाग किमान ३५ वर्षांची असावी लागते आणि बाटलीवर लागवडीचे साल छापलेले असते. स्वार्टलँड आणि स्टेलनबॉशच्या अशा बागांची ड्राय शेनिन लाकडी पिंपात आंबवलेली, भरीव आणि तरीही धारदार असते. साव्हेनिएर कठोर वाटली असेल तर पुढची पायरी म्हणून मी हीच सुचवेन.

आता जेवण. लवारकाठी ड्राय शेनिनबरोबर सांद्र (sandre) नावाचा नदीतला मासा ब्यूर ब्लाँ सॉसमध्ये वाढतात. हा सॉस म्हणजे छोटे कांदे, व्हिनेगर किंवा पांढरी वाइन आटवून त्यात फेटलेले लोणी. सॉस स्निग्ध, मासा सौम्य आणि वाइनचे आम्ल दोघांवरून सुरीसारखे फिरते. तूरच्या भागात रिलेत, म्हणजे चरबीत मंद शिजवून कुस्करलेले डुकराचे मांस, आणि मधोमध गवताची काडी असलेले सँत-मोर हे बकरीच्या दुधाचे चीज हे तिचे नेहमीचे सोबती. या तिन्हींत स्निग्धता आणि मीठ आहे, गोडी अजिबात नाही, आणि जोडी लावण्याचा सगळा धागा इथेच आहे. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर ड्राय वाइन पातळ आणि आंबट वाटते. आपल्या जेवणात गूळ कुठे कुठे लपलेला असतो ते आठवून पाहा: आमटीत, डाळिंब्यांच्या उसळीत, भरल्या वांग्यात, अळूवडीच्या चिंच-गुळाच्या लेपात. साव्हेनिएर उघडली त्या दिवशी ताटात यांपैकी काही असेल, तर तिचे काय झाले असेल ते मला न सांगता कळते.

अळूवडी आणि गोडा मसाला घातलेल्या भाज्यांबरोबर आपली नेहमीची निमगोड नाशिकची शेनिनच घ्यावी. अळूवडीच्या कडेची तळलेली कुरकुर, आतली चिंच आणि गूळ, वर तीळ, आणि मग थंड निमगोड शेनिनचा घोट, ही जोडी मी परदेशी पाहुण्यांना मुद्दाम देतो आणि ती कधी चुकत नाही. तिखटालाही हेच लागू आहे. मिरचीचा दाह अल्कोहोलने वाढतो, म्हणून झणझणीत मिसळ, ठेचा किंवा तांबड्या रश्शाबरोबर साडेतेरा टक्क्यांची ड्राय वाइन घेणे मला पटत नाही. कमी अल्कोहोलची, किंचित गोड आणि चांगली थंड केलेली घेता येईल. तांबड्या रश्शापुढे मात्र कोणतीच पांढरी वाइन टिकत नाही असे माझे मत आहे.

ड्राय शेनिनची जागा किनाऱ्यावरच्या जेवणात आहे. तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळलेले बोंबील, सुरमईची तुकडी, ओले खोबरे घालून केलेले तिसऱ्यांचे सुके, हळद-मिठाचे तळलेले पापलेट यांच्याबरोबर ती लिंबाच्या फोडीचे काम करते, म्हणून ताटातले लिंबू त्या दिवशी बाजूला ठेवावे. गोव्याचे सौम्य, नारळाच्या दुधातले कालदीन तिला फार शोभते. कोकम जास्त झालेल्या कालवणाबरोबर मात्र जपून. पदार्थाचा आंबटपणा वाइनच्या वर गेला की वाइन बोथट होते. शाकाहारी ताटात कोथिंबीर वडी, पाटवडी, लोण्याचा गोळा ठेवलेले थालीपीठ आणि साबुदाणा वडा, पण त्याच्याबरोबरच्या गोड दह्याच्या चटणीविना, हे माझे आवडते आहेत. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शासाठी पिंपात आंबवलेली केपची शेनिन पाहावी. खसखस, काजू आणि नारळाचा दाटपणा पेलायला तेवढाच भरीवपणा लागतो.

वाइन किती थंड असावी याकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. निमगोड शेनिन ८ अंशांच्या आसपास चांगली लागते, पण साव्हेनिएर किंवा पिंपातली शेनिन तितकी गार केली की सुगंध मिटतो आणि उरते ती फक्त आम्लाची धार. ती १२ अंशांना, मोठ्या पेल्यात आणि शक्य तर तासभर आधी उघडून द्यावी. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली तरी आपल्याकडच्या हवेत काम होते.

आपल्या फ्रिजमध्ये उरलेली बाटली बूच घट्ट लावून ठेवलेली असेल आणि उघडून तीन-चार दिवसच झाले असतील तर ती टाकू नये, कारण साव्हेनिएर उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळदा अधिक खुलते. सुरमई आणावी, तिला हळद, मीठ आणि अगदी थोडे तिखट लावून रव्यात तळावी, बाटली अर्धा तास आधी बाहेर काढावी, आणि माशाचा पहिला घास तोंडात असतानाच पहिला घोट घ्यावा.